विरले जी, विरजले

मिस्किटा बाईंनी मला विचारलेला पहिला प्रश्न असा होता : "सर, पाण्यात विरघळलेलं मीठ परत काढता येतं ना?"

वर्तकनगरच्या त्या मराठी शाळेत विज्ञान शिकवायला लागून मला तेव्हा जेमतेम आठवडा झाला होता. मी डबा उघडून बसलो होतो. म्हटलं, येतं की. पाणी आटवलं की मीठ खाली राहतं.

"ते मला माहीत आहे," बाई म्हणाल्या. "माझे वडील जन्मभर तेच करत होते. विज्ञानाला माहीत आहे का, ते विचारलं."

एवढं बोलून त्या पुन्हा वह्या तपासायला लागल्या. मी कोण, कुठला, आधी कुठे होतो, हे त्यांनी पुढे तीनेक महिन्यांनी विचारलं. तोवर त्यांना माझी गरज फक्त मिठापुरती होती.

रेमेदी मिस्किटा हे त्यांचं पूर्ण नाव. आठवी ते दहावीला त्या मराठी शिकवायच्या, आणि पुस्तकातलं संतकाव्य तर दुसऱ्या कुणाला शिकवूच द्यायच्या नाहीत. ख्रिस्ती बाई संतकाव्य शिकवतात याचं नव्या पालकांना मोठं अप्रूप वाटायचं. एकदा पालकसभेत एक गृहस्थ उठून म्हणाले, "मॅडम, तुमचं मराठी किती छान आहे हो." बाई म्हणाल्या, "तुमचंही बरं आहे." ते बसले. नंतर स्टाफरूममध्ये मला म्हणाल्या, "पोर्तुगीज आले तेव्हा आमचा देव बदलला. भाषा बदलायला कुणी सांगितलं नव्हतं."

त्या ठाण्याच्या पूर्वेला, कोपरीत राहायच्या. घर जुनं, बैठं, दोन्ही अंगांना इमारती उठलेल्या. वडील खाडीकाठच्या मिठागरात कामाला होते. भरतीचं पाणी उथळ वाफ्यांत घ्यायचं, उन्हात आटू द्यायचं, खाली मिठाचा थर धरला की लांब दांड्याच्या फळीने ओढून त्याच्या राशी करायच्या, असं ते काम. बाईंचं लहानपण त्या राशींभोवती गेलं. जेवायला बसल्या की आधी डब्याच्या झाकणात चिमूटभर मीठ घेऊन त्या जिभेवर ठेवायच्या आणि मगच पहिला घास घ्यायच्या. दुकानात पिशवीतून मिळणाऱ्या मिठाबद्दल त्यांचं मत वाईट होतं. "नुसतं खारट असतं," म्हणायच्या. मिठाने आणखी काय असायला हवं, हे मी कधी विचारलं नाही, कारण उत्तर लांबलं असतं.

ऱ्हस्व-दीर्घाच्या बाबतीत त्यांना दयामाया नव्हती. लाल पेन साडीच्या पिनेशेजारी अडकवलेलं असायचं. दुकानाची पाटी, शाळेचं परिपत्रक, शोकसभेची सूचना, काही सुटायचं नाही. आमच्या मुख्याध्यापिकांच्या मुलीच्या लग्नाची पत्रिका आली, तीत बाईंना सात चुका सापडल्या. त्यांनी त्या लाल पेनाने दुरुस्त केल्या आणि पत्रिका शिपायाबरोबर मुख्याध्यापिकांच्या टेबलावर परत पाठवली. मुख्याध्यापिका पंधरा दिवस त्यांच्याशी बोलल्या नाहीत. पण पत्रिका पुन्हा छापून आली, आणि लग्नात बाईंना वरमाईच्या शेजारची खुर्ची मिळाली. आहेर काय दिला विचारलं, तर म्हणाल्या, "तो आधीच दिला."

नववीला तेव्हा एक भक्तिरचना होती. तीत भक्त देवाला सांगतो, मीठ पाण्यात विरघळावं तसा मी तुझ्यात नाहीसा झालो. जुन्या भक्तिकाव्यात ही उपमा इतक्या जणांनी वापरली आहे की ती आता कुणा एकाची राहिलेली नाही. नदी सागराला मिळते, कापूर जळून जातो, मीठ विरघळतं. देव आणि भक्त एक झाले हे सांगायचा हा ठरलेला सरंजाम. इतर शाळांतले शिक्षक तो मुलांना उतरवून देत आणि पुढच्या कवितेकडे वळत. बाई मिठापाशी अडून बसल्या.

एके दिवशी त्यांनी माझ्या प्रयोगशाळेतून स्पिरिटचा दिवा, तिवई आणि चिनी मातीची बशी मागून नेली, तीही मराठीच्या तासाला. माझा तास मोकळा होता म्हणून मी मागच्या बाकावर जाऊन बसलो. बाईंनी पेल्यात मीठ ढवळलं आणि मुलांना विचारलं, "मीठ कुठे आहे?"

"दिसत नाही, बाई."

"म्हणजे देवात गेलं. आता बघा." त्यातलं थोडं पाणी बशीत ओतून त्यांनी खाली दिवा लावला. पाणी आटेस्तोवर कविता दोनदा म्हणून घेतली. बशीच्या तळाला पांढरा थर धरला तशा मुलांनी टाळ्या वाजवल्या. बाईंना त्या आवडल्या नाहीत. "टाळ्या कसल्या वाजवता? भक्त बाहेर आला ना परत. मग एक झाले कुठे? कवीने एवढं सांगितलं आणि पुढचं सांगितलंच नाही." मग घंटा झाली आणि मी माझी बशी घेऊन आलो.

त्या वर्षीच्या चाचणीत या दृष्टान्तावर प्रश्न होता. एका मुलीने लिहिलं होतं, ‘मीठ पाण्यात पडले तरी रडू नये. ऊन पडले की ते परत मिळते.’ बाईंनी तिला पूर्ण गुण दिले. एका हुशार मुलाने जीव आणि शिव यांचं ऐक्य वगैरे गाइडमधलं उत्तर शब्दाला शब्द लिहिलं, त्याला अर्धे. त्याची आई तक्रार घेऊन आली. मुख्याध्यापिकांनी बाईंना बोलावून विचारलं, बरोबर उत्तराला अर्धे आणि चुकीच्याला पूर्ण, हे कसं? बाई म्हणाल्या, "बरोबर उत्तर मलाच अजून मिळालेलं नाही. मिळालं की देते." गुण काही बदलले नाहीत.

हा सगळा बाईंचा चक्रमपणा आहे अशी माझी काही वर्षं समजूत होती. मी देवाच्या भानगडीत पडणारा माणूस नाही. ठाकुर्लीला माझ्या घरी देव्हारा आहे, तो बायकोच्या खात्यात येतो. मग एका मे महिन्यात निकालपत्रकं भरायला आम्ही दोघंच शाळेत बसलो होतो. बाई गुणांची बेरीज करत होत्या, आणि डस्टर मागावा तशा आवाजात, मान वर न करता म्हणाल्या, "आन्तोन गेला तेव्हा फादर म्हणाले, तो आता देवात आहे. मला तेव्हा बरं वाटलं होतं."

आन्तोन म्हणजे त्यांचे यजमान. एका कारखान्यात फिटर होते. लग्नाला नऊ वर्षं झाली असताना एक दिवस दुपारच्या पाळीत छातीत दुखलं म्हणून बाकावर आडवे झाले, ते उठलेच नाहीत. मूलबाळ नव्हतं. मी शाळेत आलो त्याच्या पुष्कळ आधीची ही गोष्ट.

"मग महिन्याभराने मी वर्गात शिकवायला उभी राहिले," बाई म्हणाल्या. "नदी सागरात, मीठ पाण्यात. आणि फळ्यापाशीच माझ्या डोक्यात आलं, हा जर असा विरघळून गेला असेल, तर मी गेल्यावर भेटू कुणाला? सागरापाशी जाऊन विचारता येतं का, की आमची ती नदी कुठे आहे?"

मी पुढचं निकालपत्रक ओढून घेतलं.

"बरं, नाही विरघळला असं धरू. मग देवात गेला म्हणजे काय झालं? नुसता शेजारी जाऊन बसला? एवढ्यासाठी मरायचं?"

मी म्हटलं, बाई, हे माझ्या विषयात येत नाही.

"माहीत आहे," त्या म्हणाल्या. "तुमच्या विषयात फक्त मीठ येतं." आणि पुढची बेरीज सुरू केली. ज्या कविता शिकवायच्या त्यांचा धाक घेऊन ही बाई इतकी वर्षं वर्गात जात होती, हे मला तेव्हा कळलं आणि फार वाईट वाटलं. मी त्यांना चहा आणून दिला. दुसरं काय करणार.

निवृत्त झाल्यावर बाई चर्चसाठी गाणी लिहायला लागल्या. तशा आधीही लिहायच्या, पण आता मागणी वाढली. माझं त्यांच्याकडे जाणं-येणं राहिलं होतं. ठाण्यात काम निघालं की मी कोपरीत डोकावायचो, आणि त्या मला घरचं बोंबलाचं लोणचं द्यायच्या, जे आमच्या घरी चालत नसल्यामुळे मी तिथेच बसून संपवायचो.

अशाच एका भेटीत त्यांनी मला एक पत्र दाखवलं. दफनभूमीच्या कार्यालयातून आलेलं. ठाण्यात जिवंत माणसांना जागा नाही तिथे मेलेल्यांना कुठून असणार? म्हणून त्यांच्याकडे कबर कायमची नसते. काही वर्षांनी ती उकरतात, अस्थी बाहेर काढतात आणि जागा पुढच्या माणसाला देतात. अस्थींचं काय करायचं ते घरच्यांनी सांगायचं. एक तर भिंतीत एका माणसापुरता छोटा कोनाडा मिळतो, त्यावर नावाची पाटी लागते. नाहीतर दफनभूमीच्या टोकाला एक खोल सामाईक खड्डा आहे, त्यात आधीच्या सगळ्यांच्या अस्थी आहेत, तिथे सोडायच्या. आन्तोनची मुदत केव्हाच सरली होती. बाईंनी अर्जविनंत्या करून ती वाढवून घेतली होती. आता कार्यालयाने लेखी उत्तर मागितलं होतं.

"कोनाड्यात ठेवला तर त्याचं नाव राहील, पण तो एकटा राहील," बाई म्हणाल्या. "खड्ड्यात सोडला तर सगळ्यांत जाईल, पण मग त्यातला तो कुठला, हे कोण सांगणार?"

म्हणजे वर्गातला मिठाचा प्रश्न आता छापील कागदावर आला होता, आणि खाली सहीसाठी जागा सोडलेली होती. पत्राला दोन महिने झाले होते. बाईंनी ते घडी घालून शुद्धलेखनाच्या नियमांच्या पुस्तकात ठेवलं होतं. त्यात त्यांनी एकही दुरुस्ती केली नव्हती.

त्याच सुमाराला चर्चचा सण जवळ आला आणि फादर ऑल्विननी त्यांच्याकडे नवं गाणं मागितलं. हे फादर तरुण, हसतमुख, वसईकडचे. बाईंनी गाणं लिहिलं. त्याचं ध्रुपद असं होतं :

*ओंजळभर मी होते, तुझ्या दारी आले,*
*तुझ्यात रे देवा, आता विरले जी.*

फादरांनी वाचलं आणि ‘विरले’वर बोट ठेवलं. मी समोर होतो. "बाई, इथे थिऑलॉजिकली थोडा प्रॉब्लेम आहे," ते म्हणाले. "आत्मा देवाशी एक होतो, पण आत्मा आत्माच राहतो. विरले म्हटलं की तो उरतच नाही. आपण ‘भेटले जी’ करूया का?"

"भेटले? रेशनच्या रांगेतसुद्धा माणसं भेटतात, फादर."

"मग ‘मिळाले’?"

"ते हरवलेल्या छत्रीचं."

फादर हसले आणि म्हणाले, राहू दे बाई, तुमच्यापुढे मी काय बोलणार. ते गेल्यावर बाईंनी गाण्याच्या कागदाची घडी घातली. मग मला म्हणाल्या, "शब्दासाठी भांडले खरी. पण तो खरा असला तर माझीच पंचाईत आहे." फादरांपुढे ताठ बसलेली बाई ही नव्हे.

गाणं पुस्तिकेत छापायचं होतं. बाईंच्या डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन नुकतंच झालं होतं, वाचायला मनाई होती. टाइप करून देण्याचं काम मी आपण होऊन घेतलं. "मुद्रित मी बघू शकणार नाही," बाई म्हणाल्या. "पण तुम्ही आहात ना." इतक्या वर्षांत त्यांनी दुसऱ्याच्या भरवशावर एक स्वल्पविराम सोडला नव्हता. मी रविवारी सकाळी टीव्हीवर सामना बघता बघता ते टाइप केलं, पुन्हा न वाचता पाठवून दिलं, आणि माझ्यावर टाकलेला विश्वास किती मोठा होता याचा विचार केला नाही.

सणाला बाईंनी मला बोलावलं होतं. मी शेवटच्या बाकावर होतो, बाई चारपाच बाकं पुढे, काळा चष्मा लावून. पेटी, गिटार आणि कोपरीतल्या बायकांचे खणखणीत आवाज. ध्रुपद आलं आणि मला कानात काहीतरी टोचलं. पुस्तिका उघडली. तिथे स्वच्छ छापलं होतं :

*ओंजळभर मी होते, तुझ्या दारी आले,*
*तुझ्यात रे देवा, आता विरजले.*

‘जी’मधला ज उडी मारून ‘ले’च्या आधी येऊन बसला होता. माझ्याच बोटांनी. विरजणे हा शब्द खरा असल्यामुळे संगणकाने खाली लाल रेघ मारली नव्हती. सरावात कुणाला काही वाटलं नाही, कारण ‘विरले जी’ची अक्षरं चार आणि ‘विरजले’चीही चार, चालीत बरोबर बसत होतं. वर ‘आले’शी यमकही जुळलं होतं, जे बाईंना जुळवता आलं नव्हतं. दूध नाही, ताक नाही, आणि सगळं चर्च उभं राहून ‘मी तुझ्यात विरजले’ असं मनापासून गात होतं. बाईंनी पहिल्या खेपेला गायलं ते पाठ असलेलं. दुसऱ्या खेपेला त्या थांबल्या आणि कान देऊन ऐकत राहिल्या. मला तिथून उठून ठाकुर्ली गाठावीशी वाटत होती.

बाहेर मांडवात मी त्यांच्यासमोर जाऊन उभा राहिलो. म्हटलं, बाई, चूक माझी आहे. तुमच्या गाण्यावर मी शब्दशः विरजण घातलं.

त्या काही बोलण्याआधीच त्यांच्या शेजारच्या नातालीन मावशी मध्ये आल्या. ऐंशीच्या पुढच्या, कोपरीत भाजी विकून संसार केलेल्या. त्यांनी बाईंचा हात धरला. "बरा लिवलंस गो, रेमेदी," त्या म्हणाल्या. "दही लागला का मंग दूध नाय होत परत. देवाचा तसाच हाय."

बाईंनी त्यांच्याकडे बघितलं, मग माझ्याकडे. "सर, तुम्ही जेवून घ्या," एवढंच म्हणाल्या. त्यानंतर आठ दिवस त्यांनी माझा फोन घेतला नाही. मुख्याध्यापिकांच्या अबोल्याचे पंधरा दिवस बाईंना कसे गेले असतील, याची मला कल्पना आली. फरक एवढाच की त्या बिचाऱ्यांनी चूक केली नव्हती, छापखान्याने केली होती.

नवव्या दिवशी त्यांचाच फोन आला. नमस्कार नाही, काही नाही.

"सर, दुधाचं दही होतं तेव्हा त्यातून काय निघून जातं?"

मी म्हटलं, तसं काही निघून जात नाही. दुधातल्या साखरेचं आम्ल होतं, त्या आम्लाने प्रथिनं धरतात. जे होतं ते सगळं आतच असतं, फक्त रूप बदलतं.

"आणि परत दूध?"

"ते नाही होत."

"आटवलं तरी?"

"आटवलं तरी नाही. मिठासारखं नाही ते."

"म्हणजे परतही येत नाही, आणि जातही नाही काही," बाई म्हणाल्या. "मी काट्यावर बघितलं. भाचीने केक करायला आणलेला काटा आहे घरात. दूध नि विरजण घालून भांडं ठेवलं, दही लागल्यावर परत ठेवलं. तेवढंच भरलं."

"झाकण ठेवलं होतंत ना?" मी विचारलं. सवय.

"ठेवलं होतं." मग त्या म्हणाल्या, "सर, जन्मभर मी मिठाशी भांडत बसले. मिठागरातली ना मी, मला दुसरं दिसणार काय? आणि दही रोज घरात लावत होते."

मी पुन्हा माफी मागायला लागलो. म्हटलं, पुढच्या छपाईत दुरुस्त करून घेऊ. "हात लावायचा नाही," त्या म्हणाल्या. "चूक तुमची आहे, ती मी माफ केलेली नाही. पण शब्द राहू दे."

शब्द राहिला. फादर ऑल्विन एकदा भेटले तेव्हा मी त्यांना विचारलं, हे थिऑलॉजीत बसतं का? ते डोकं खाजवत म्हणाले, "सर, मिठाबद्दल आमच्याकडे पुष्कळ लिहिलेलं आहे. दह्याबद्दल मी अजून काही वाचलं नाही." बाईंनी कार्यालयाच्या पत्राला त्याच आठवड्यात उत्तर दिलं. कोनाडा नको, खड्ड्यात सोडावं. आणि त्याच कागदावर खाली, माझंही पुढे तसंच करावं.

पुढल्या उन्हाळ्यात बाई गेल्या. मी तेव्हा गावाला होतो, मला व्हॉट्सअ‍ॅपवर कळलं. ज्या मुलीला त्यांनी पूर्ण गुण दिले होते तिनेच शाळेच्या ग्रूपवर टाकलं होतं, आणि खालच्या शोकसंदेशांत शुद्धलेखनाच्या पुष्कळ चुका होत्या. बाईंना दफनभूमीत वेगळ्या रांगेत जागा मिळाली आहे. अजून बरीच वर्षं त्यांना तिथे मातीत काढायची आहेत, मग त्यांचा नंबर लागेल.

मी त्यांना शेवटचं नीट पाहिलं ते आन्तोनच्या अस्थी सोडल्या त्या सकाळी. आठवड्यातला मधला दिवस होता, दहाचं ऊन. फादर, खणणारा माणूस, नातालीन मावशी, बाई आणि मी, एवढेच जण. अस्थी पांढऱ्या कापडात बांधल्या होत्या. गाठोडं लहान होतं. बाईंनी ते दोन्ही हातांनी घेतलं, वजन पाहिल्यासारखं थोडं वर उचललं आणि खणणाऱ्याच्या हातात दिलं. त्याने खड्ड्यावरची लादी आधीच सरकवून ठेवली होती. फादरांनी प्रार्थना म्हटली. त्या माणसाने वाकून कापडाची टोकं सोडली. आवाज फारसा झाला नाही.

फादरांनी पुस्तक मिटलं. मावशींनी कपाळापासून खांद्यापर्यंत क्रूस केला. माणूस लादी परत सारायला पुढे झाला, तर बाईंनी त्याला हाताने थांबवलं. साडी गोळा करून त्या काठाशी गुडघ्यांवर बसल्या आणि आत वाकून बघायला लागल्या. मला वाटलं आता रडतील, म्हणून मी एक पाऊल पुढे झालो. त्या रडल्या नाहीत. शाळेत त्या जी भाषा कधीच बोलल्या नाहीत, त्या घरच्या भाषेत, बाकावर ऐसपैस बसलेल्या माणसाला सांगावं तसं, त्यांनी आत सांगितलं,

"आन्तोन, सरक रे जरा. मना पन येवाचा हाय."